सशाच्या खुराकात तेल: कुणाला, किती आणि कशासाठी

मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधल्या राहू बेटात, तसंच नदीपलीकडे शिरूरच्या बाजूला उसाच्या आणि गुऱ्हाळांच्या जोडीला काही घरांनी ससेपालन सुरू केलं आहे. कुणी दहा सशांचं एक युनिट घेतलंय, कुणी पाच. या ससेपालकांकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. 'सशाला तेल द्यायचं का? रोज दोन चमचे पाजा म्हणतात, खरं आहे का? तेलाने वजन वाढतं की हगवण लागते? विक्रेत्याने दिलेली बाटली वापरू की घरचं शेंगदाणा तेल घालू?'

तुम्हीही यात अडकला असाल, तर थोडक्यात उत्तर असं: वनस्पती तेल हा सशासाठी ऊर्जेचा दाट स्रोत आहे. ते टॉनिक नाही आणि औषधही नाही. पिल्लं पाजणाऱ्या मादीला आणि कडक उन्हाळ्यात त्याचा उपयोग होतो. बाकी बहुतेक वेळा ते खर्चात जातं, आणि चुकीच्या हातात नुकसानही करतं. ससा जगतो गवतावर. गवत, पाणी आणि सावली पुरेशी नसेल, तर तेलाचा विचार बाजूला ठेवा.

आधी 'तेल' म्हणजे काय ते ठरवा

निम्मा गोंधळ नावाचाच आहे. 'सशाचं तेल' म्हणून चार अगदी वेगळ्या वस्तू हातात येतात.

- खाद्यतेल: सोयाबीन, सूर्यफूल, करडई, शेंगदाणा, जवस. या लेखातलं तेल म्हणजे हेच.
- सुगंधी अर्क: ओवा, निलगिरी, लसूण यांचे अर्क असलेलं द्रावण. याची मात्रा थेंबांत असते. खाद्यतेलासारखं चमच्याने दिलं तर विषबाधा होऊ शकते.
- पॅराफिनचं पातळ तेल: हे खनिज तेल आहे, त्यात पोषण शून्य. पोट साफ होण्यासाठी पशुवैद्यकानेच द्यायचं.
- कानाच्या खरजेवर लावायचं तेल: कानातल्या खपल्या मऊ करण्यासाठी खोबरेल वापरतात. ते बाहेरून लावायचं, त्याचा आहाराशी संबंध नाही.

हातातल्या बाटलीवर घटकांची यादी नसेल, तर ती यातली कोणती वस्तू आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. अशी बाटली वापरू नका.

सशाच्या पोटात तेलाचं काय होतं

निर्णय घेण्यापुरतंच सांगतो. सशाचं पचन दोन ठिकाणी चालतं. धान्य, प्रथिनं आणि तेल लहान आतड्यात पचतात. गवताचा चोथा पुढे मोठ्या पिशवीसारख्या अंधनालात जातो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या तयार होतात, आणि ससा त्या बहुधा रात्री किंवा पहाटे थेट गुदद्वाराला तोंड लावून खातो. तुम्हाला ट्रेमध्ये दिसतात त्या कोरड्या, कडक, गोल लेंड्या. हे चक्र चालू राहायचं तर खुराकात १४ ते १६ टक्के तंतू हवेत आणि वर वैरण मोकळी हवी.

दुसरी गोष्ट, ससा साधारण ऊर्जा मोजून खातो. खुराक जड झाला की तो कमी खातो. एक किलो तेलात एक किलो मक्यापेक्षा अडीच पटीहून जास्त ऊर्जा असते. १०० किलो खुराकात २ किलो मका काढून २ किलो तेल घातलं, तर खुराकाची ऊर्जा सुमारे ४ टक्क्यांनी वाढते आणि ससाही जवळपास तितकंच कमी खातो. रोज १२० ग्रॅम खाणारा ११५ ग्रॅमवर येतो. म्हणून 'तेलाने वजन झपाट्याने वाढतं' हा दावा जपून ऐका. तेलाने कमी खाद्यात तेवढंच वजन येतं, वजन दुप्पट वेगाने वाढत नाही. ससा कमी खातो तेव्हा प्रथिनं, खनिजं आणि तंतूही त्याच्या पोटात कमी जातात. आधीच हलक्या खुराकावर तेल ओतलं तर पिल्लं खुरटतात, ती यामुळेच.

कुणाला द्यायचं, कुणाला नाही

- पिल्लं पाजणारी मादी: द्या. सशिणीचं दूध फार दाट असतं, त्यात १० टक्क्यांहून जास्त स्निग्धांश असतो. विल्यानंतर अठराव्या-विसाव्या दिवसाच्या सुमाराला दूध सर्वांत जास्त असतं, आणि तेव्हा तिला खाऊन भागत नाही. ती स्वतःच्या अंगावरचं झिजवते. अशा वेळी खुराकात दीड ते दोन टक्के तेल असेल तर दूध वाढतं आणि पिल्लं जास्त टिकतात.
- शेवटच्या आठवड्यातली गाभण: गाभणकाळ ३१ दिवसांचा. शेवटच्या आठवड्यात अर्ध्या टक्क्याने सुरू करून विल्यावर मात्रा वाढवा, म्हणजे पोटाला बदल एकदम बसत नाही.
- विक्रीसाठी वाढवायची पिल्लं: दूध तोडल्यावर निदान दोन आठवडे अजिबात नको. त्यानंतर हवंच असेल तर एक टक्का, पण आधी पुढचा पैशांचा हिशेब वाचा.
- नर आणि रिकाम्या माद्या: नको. चरबी चढलेली मादी गाभण राहायला त्रास देते, आणि सुस्तावलेला नर कामाचा राहत नाही. पाठीवरून हात फिरवा. कण्याची हाडं बोटांना अजिबात लागत नसतील, तर तेलच काय, दाणाही कमी करा.
- दूध तुटण्याचा आठवडा: २८ ते ३५ दिवसांच्या या काळात सर्वांत जास्त मरतूक होते. खुराकात कोणताही नवा बदल करू नका.

चमच्याचा हिशेब

'रोज दोन चमचे' कुठून आलं माहीत नाही, पण ते मोजून बघू. चहाच्या चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल मावतं. पाजणारी मादी दिवसाला ३०० ग्रॅम खुराक खात असेल, तर त्याच्या २ टक्के म्हणजे ६ ग्रॅम. एक चमचा आणि वर थोडं. दिवसाला १०० ग्रॅम खाणाऱ्या पिल्लाला एक टक्क्याने एक ग्रॅम, म्हणजे पाव चमच्याहूनही कमी. त्या पिल्लाला दोन चमचे पाजले तर ९ ग्रॅम होतात, मात्रेच्या नऊपट. त्यानंतर हगवण लागली तर दोष सशाच्या जातीला देऊ नका.

आणि तेल कधीही तोंडात पाजू नका. सिरिंजने किंवा चमच्याने जबरदस्तीने पाजलेलं तेल श्वासनलिकेत उतरतं. तेलाने खोकला चटकन येत नाही, त्यामुळे कळतही नाही. दोन दिवसांनी ससा नाक वर करून श्वास घेऊ लागतो आणि मरतो. लोक त्याला सर्दी म्हणतात. तेल खुराकात मिसळूनच द्यायचं, दुसरा मार्ग नाही.

कोणतं तेल

तुमच्याकडे सहज मिळणाऱ्या तेलांबद्दल:

- सोयाबीन, सूर्यफूल: नेहमीच्या वापराला हीच सोयीची. रिफाइंड आणि साधं घ्या.
- करडई: गुणाने सूर्यफुलासारखं. आपल्या भागातलं जुनं, चांगलं तेल. महाग पडतं, एवढंच.
- शेंगदाणा: चालतं. पण घाण्याचं घेत असाल तर गाळलेलं, तळाशी गाळ नसलेलं घ्या. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष मुख्यतः पेंडीत राहतं, थोडं गाळातून तेलात येतं. या विषाला ससा फार नाजूक आहे. गायीला सोसेल तेवढं सशाला सोसत नाही. शेंगदाणा पेंडीलाही हाच इशारा लागू.
- जवस: यात ओमेगा-३ प्रकारचं अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर असतं आणि ते सशाच्या मांसात उतरतं. पण हेच तेल सर्वांत लवकर खवट होतं. ताजं असेल तरच वापरा.
- पाम: ऊर्जा मिळते, टिकतंही. थंडीत गोठतं आणि नीट मिसळत नाही.
- मोहरीचं आणि कच्चं सरकीचं: टाळा. मोहरीत एरुसिक आम्ल असतं, तर कच्च्या सरकी तेलात गॉसिपॉल.
- एरंडेल, करंज, कडुनिंब: ही खाद्यतेलं नव्हेत. अजिबात नको.

तळणीच्या उरलेल्या तेलाबद्दल वेगळं सांगायलाच हवं. हॉटेलवाले आणि भजीवाले ते फुकट देतात, आणि 'जनावराला काय होतंय' असं म्हणून ते खुराकात जातं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जे पदार्थ तयार होतात ते इतके घातक मानले जातात, की त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल माणसांच्या स्वयंपाकात वापरायला २०१८पासून मनाई आहे. असं तेल खुराकातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं. मग माद्यांना पिल्लं टिकत नाहीत, वाढत्या सशांच्या मागच्या पायातली ताकद जाते. फुकटचं तेल सर्वांत महाग पडतं ते असं.

बाटलीपेक्षा बी बरं

माझा कल इथे स्पष्ट आहे. छोट्या ससेपालकाने तेल बाटलीतून घेण्याऐवजी बियांतून द्यावं. तेल बीच्या आत असतं तोवर लवकर खवट होत नाही, आणि सोबत प्रथिनंही येतात.

सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के तेल आणि ३६ ते ४० टक्के प्रथिनं असतात. १०० किलो खुराकात १० किलो भाजलेलं सोयाबीन घातलं की जवळपास २ किलो तेल मिळतं, आणि तेवढ्या प्रमाणात सोयापेंडही कमी करता येते. सोयाबीन भाजूनच घ्या. कच्च्या सोयाबीनमधला घटक प्रथिनांचं पचन अडवतो. मंद आचेवर सतत हलवत, दाणा आतून पिवळसर-तांबूस होऊन कच्चा वास जाईपर्यंत भाजा. करपवू नका, करपलेल्या दाण्यातली प्रथिनं वाया जातात.

जवसाच्या दाण्यात ३५ ते ४० टक्के तेल असतं, म्हणून ते ५ टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका. तेही हलकं भाजून घ्या. सूर्यफुलाच्या बिया सालीसकट भरडल्या तर तंतूही मिळतात. हा सगळा भरडा आठवड्यापुरताच करा. दळलेलं बी तेलासारखंच खवट होतं.

१०० किलो खुराकाचं एक उदाहरण

पाजणाऱ्या माद्यांसाठी असं मिश्रण करता येतं:

- वाळवून कुटलेला लसूणघास: ४० किलो
- गव्हाचा कोंडा (भुस्सा): २७ किलो
- मक्याचा भरडा: १३ किलो
- सोयापेंड: १३ किलो
- काकवी किंवा गुळाचं दाट पाणी: ३ किलो
- खनिज मिश्रण: दीड किलो
- मीठ: अर्धा किलो
- तेल: २ किलो

यात प्रथिनं साधारण १८ टक्के आणि तंतू साडेचौदा टक्क्यांच्या आसपास येतात. तेल न घालताच या मिश्रणात सुमारे अडीच टक्के स्निग्धांश असतो, कारण कोंडा, मका आणि लसूणघास यांत तो मुळातच आहे. म्हणजे २ किलो तेल घातल्यावर एकूण साडेचार टक्के होतो. याच्या पुढे जाऊ नका. विकतचं गोळी खाद्य वापरत असाल, तर पिशवीवर स्निग्धांशाचा आकडा बघा. तो ४ टक्के असेल, तर वरून तेल घालण्याची गरजच उरत नाही. शिवाय वरून घातलेल्या तेलाने गोळी मऊ पडून फुटते आणि निम्मा चुरा ट्रेमध्ये सांडतो.

मिसळण्याची पद्धत महत्त्वाची आहे. सगळ्या खुराकावर तेलाची धार सोडली तर गुठळ्या होतात. एका सशाला तेलच तेल मिळतं, दुसऱ्याला काहीच नाही. घमेल्यात चार-पाच किलो कोंडा घ्या. त्यावर थोडं थोडं तेल घालत दोन्ही हातांच्या तळव्यांत चोळा, लाडवासाठी बेसन चोळतो तसं. मुठीत दाबल्यावर गोळा धरला आणि बोट लावताच विस्कटला, की झालं. मग हा कोंडा चाळणीने चाळून बाकीच्या खुराकात मिसळा. काकवी कोमट पाण्यात पातळ करून शेवटी शिंपडा. गुऱ्हाळावरची ताजी काकवी मिळत असेल तर ती उत्तम, धूळ बसते आणि ससे आवडीने खातात. मात्र ३ किलोच्या वर नको.

असा खुराक आठ ते दहा दिवसांपुरताच करा, उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांचाच. काकवीचं पाणी घातलेला खुराक ओलसर वाटला तर सावलीत पसरून कोरडा करा आणि मगच भरा. झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवा. तेलाचा डबा तांब्या-पितळेचा नको, त्याने तेल लवकर बिघडतं. रोज डबा उघडल्यावर आधी वास घ्या. जुन्या खोबऱ्यासारखा किंवा रंगासारखा वास आला, तर तो खुराक सशाला देऊ नका. जवस, सूर्यफूल किंवा करडई जास्त वापरत असाल, तर ई जीवनसत्त्वाची मात्रा पशुवैद्यकाला विचारून ठरवा.

सुरुवात हळू करा आणि ट्रे बघा

पहिले चार दिवस अर्धा टक्का, पुढचे चार दिवस एक टक्का, मग दीड, आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दोन टक्के. याहून घाई नको.

रोज सकाळी पिंजऱ्याखालचा ट्रे बघायची सवय लावून घ्या. चांगल्या लेंड्या सारख्या आकाराच्या, कोरड्या, बोटाने फोडल्यावर आत गवताचा चुरा दिसणाऱ्या असतात. पुढीलपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी तेल बंद करा:

- लेंड्या लहान, कमी किंवा एकमेकींना चिकटलेल्या
- मऊ लेंड्या तशाच पडलेल्या किंवा मागच्या केसांना लागलेल्या
- पोट फुगलेलं, दात करकरा चावण्याचा आवाज, पोक काढून कोपऱ्यात बसणं
- गवताला तोंड न लावणं

तेल बंद, दाणाही बंद, फक्त सुकं गवत आणि स्वच्छ पाणी. ससा बारा तासांत खायला लागला नाही तर पशुवैद्यकाला बोलवा. 'आतड्यात केस अडकले, तेल पाजा' असा सल्ला मिळेल. ऐकू नका. बहुतेक वेळा केस अडकतात ते आतडं मंद झाल्यामुळे, आणि आतडं मंद होतं गवत कमी पडल्यामुळे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण हगवण दिसली की लोक मेडिकलमध्ये धावतात. अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन, लिंकोमायसीन ही प्रतिजैविकं सशाला तोंडावाटे देऊ नका. अंधनालातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू वाढतात आणि ससा दगावतो. शेळीच्या औषधातून उरलेली मात्रा देऊन मेलेले ससे कमी नाहीत.

पैशांचा हिशेब

भाव रोज बदलतात, म्हणून समजुतीसाठी धरू: तेल १५० रुपये किलो, मका २५, तयार खुराक ३० रुपये किलो. १०० किलोत २ किलो मका काढून २ किलो तेल घातलं की खर्च २५० रुपयांनी वाढतो, किलोमागे अडीच रुपये. खुराक ४ टक्के कमी लागतो, म्हणजे किलोमागे साधारण सव्वा रुपया वाचतो. किलोमागे तुम्ही रुपयाहून जास्त तोट्यात.

विक्रीचं पिल्लू दूध तुटल्यापासून विक्रीपर्यंत साडेपाच किलो खुराक खातं असं धरलं, तर २ टक्के तेलाने एका पिल्लामागे सहा-सात रुपये जास्त जातात. एक टक्क्याने निम्मे जातील, पण जातातच. वाढत्या पिल्लांना तेल परवडत नाही, असं मी म्हणतो ते यामुळे. मादीचं गणित वेगळं आहे. महिनाभर पाजताना ती नऊ किलो खुराक खाईल, तेलाचा वरचा खर्च २२-२३ रुपये. एका वेतात एक पिल्लू जरी जास्त वाचलं, तरी तो खर्च फिटतो. तुमच्या भागातले भाव घालून हेच गणित वहीत मांडा. उत्तर बदललं तर माझं सोडा आणि तुमचं धरा.

शक्य असेल तर निम्म्या माद्यांना तेलाचा आणि निम्म्यांना साधा खुराक द्या. किती पिल्लं झाली, किती दूध तोडायच्या वेळेपर्यंत जगली आणि तेव्हाचं वजन, या तीन नोंदी दोन वेतं ठेवा. कुणाच्याही सल्ल्यापेक्षा ती वही जास्त खरी असेल.

उन्हाळ्याचं वेगळं

दौंड-शिरूरला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. सशाला तिशीच्या पुढे त्रास सुरू होतो. तो घाम गाळू शकत नाही, कानांतून आणि श्वासातून उष्णता बाहेर टाकतो. खाणं कमी होतं, नर तात्पुरते वांझ होतात, गाभण माद्या पिल्लं टाकतात. तेल पचताना अंगात इतर खाद्यापेक्षा कमी उष्णता तयार होते, म्हणून या दोन महिन्यांत पाजणाऱ्या माद्यांना दीड-दोन टक्के तेल खरोखर कामाचं ठरतं.

पण आधी शेड. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर टाका, तो तुमच्याकडे फुकट आहे. जवळ चूल किंवा गुऱ्हाळाची ठिणगी येणार नाही हे मात्र बघा. बाजूंना ओली पोती लावा, खुराक संध्याकाळी आणि पहाटे द्या, दुपारी पाणी दोनदा बदला. आणि जाळी भक्कम ठेवा. या पट्ट्यातल्या उसात बिबट्याचा वावर आहे, सशाच्या वासाने तो शेडपर्यंत येतो. रात्री एकट्याने शेडकडे जाऊ नका.

बाटली आणि करार: तुमचे हक्क

ससे देताना 'आमचंच खाद्य, आमचंच तेल' अशी अट घातली जात असेल, तर सावध व्हा. २०१९मध्ये इस्लामपूरहून उघड झालेलं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. पक्षी आणि खाद्य आम्ही देऊ, अंडी-कोंबड्या आम्हीच विकत घेऊ, या शब्दावर शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले आणि खरेदी थांबली. ससा बदलला तरी कराराचा सापळा तोच असू शकतो.

- पाकिटावर किंवा बाटलीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणं कायद्याने बंधनकारक आहे. नसेल तर घेऊ नका.
- 'रोग बरा होतो' असा दावा करणारी वस्तू औषध ठरते आणि तिला औषधाचा परवाना लागतो. पुष्कळ पूरक खाद्यांच्या बाटल्यांवर 'औषधी वापरासाठी नाही' असं बारीक अक्षरांत असतं. ते शोधा.
- पावती घ्याच. करार मराठीत, दर, वजन आणि खरेदीची मुदत लिहिलेला मागा.
- स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः काम करून व्यवसाय करणारा माणूस ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ग्राहक ठरतो. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला किंवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही.
- 'ससा पाळणं बेकायदा आहे' म्हणून कुणी घाबरवलं तर फरक सांगा. रानातला ससा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याला पकडणं आणि मारणं गुन्हा आहे. पाळीव ससा वेगळ्या जातीचा आहे, आणि खाण्यासाठी पाळलेला ससा अन्नसुरक्षेच्या नियमांत मान्य आहे. मांस विकायचं तर अन्नसुरक्षा नोंदणी लागते.
- जवस खाऊ घातलं म्हणून 'ओमेगा-३ युक्त मांस' अशी पाटी लावू नका. तपासणीचा अहवाल हातात नसताना असा दावा करणं तुमच्याच अंगाशी येईल.

कुठे विचारायचं

तालुक्याच्या पंचायत समितीचा पशुसंवर्धन विभाग आणि जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना ही पहिली पायरी. तातडीला १९६२ हा क्रमांक आहे. मरतूक सुरू झाली तर मेलेला ससा फेकू नका. बर्फात ठेवून दवाखान्यामार्फत पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे तपासणीला पाठवता येतो. खुराकाच्या प्रश्नांसाठी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी फोन करून जा. मांसाच्या सशांवर देशात जुनं काम झालंय ते केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या कोडाईकनालजवळच्या मन्नवनूर केंद्रात. जातिवंत ससे घ्यायचे असतील तर तिथेही विचारा.

घरात तेलाची बाटली घेऊन ठेवली असेल, तर ती उघडून वास घ्या. खाद्यतेल आहे आणि वास चांगला आहे, तर पाजणाऱ्या माद्यांच्या खुराकात मोजून संपवा. पुढच्या बाटलीचे पैसे मात्र लसूणघासाच्या बियाण्यात घाला. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, गुंठ्याला पाव किलो बी पुरतं, आणि एकदा धरला की दर पंचवीस-तीस दिवसांनी कापणीला येतो.